खिळे चिकटवू नका, फर्मा बांधायला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या छापखान्यांचं सामान जपण्याची ओढ अलीकडे दिसू लागली आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. महाविद्यालयं छपाईची जुनी ट्रेडल मशीनं मागून नेतात. काही तरुण मंडळी लग्नपत्रिका आणि भेटकार्डं पुन्हा खिळ्यांवर, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांवर, छापू पाहतात. पण या जपणुकीत एक काम पार विसरलं जातंय, आणि ते विसरलं तर मशीन आणि खिळे दोन्ही नुसते शोभेचे राहतील. ते काम म्हणजे फर्मा बांधणं. जुळवलेले सुटे खिळे चेसमध्ये, म्हणजे लोखंडी चौकटीत, असे आवळायचे की सगळं पान एका तुकड्यासारखं उचलता यावं, मशीनवर चढवता यावं आणि छापून झालं की पुन्हा खिळा न् खिळा मोकळा करता यावा.

हे आत्ताच लिहिण्याचं कारण असं. एका शिक्षणसंस्थेच्या प्रदर्शनात मी काचेखाली ठेवलेलं एक जुळवलेलं पान पाहिलं. खिळे जुने होते, सुबक होते, अक्षराची धार अजून शाबूत होती. आणि ते सगळे प्लायवूडच्या तुकड्यावर पांढऱ्या चिकटद्रव्यानं चिकटवून टाकलेले होते. तिथं उभ्या असलेल्या मुलीला मी कारण विचारलं. ती म्हणाली, "काकू, उचललं की सगळे पडायचे. मग चिकटवले." त्या मुलीला दोष देण्यासारखं काहीच नाही. सुटे खिळे उचलले तर पडणारच. ते पडू नयेत म्हणून साडेपाचशे वर्षांहून जास्त काळ छापखान्यांतली माणसं काय करत आली, हे तिला कुणी दाखवलेलंच नव्हतं.

माझ्या वडिलांचा कराडला छापखाना होता. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, पावतीपुस्तकं, निवडणुकीची हँडबिलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका असं सगळं तिथं छापलं जायचं. मी शाळेत असल्यापासून स्टिक, म्हणजे खिळ्यांची ओळ जुळवायची पट्टी, हातात धरली, आणि ऑफसेट छपाईनं आमचं काम नेईपर्यंत मी जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारी, म्हणूनच काम केलं. म्हणून हे मी हाताच्या अनुभवावरून लिहिते आहे.

पहिली गोष्ट ही की फर्म्याला कुठंही ठोकायचा लोखंडी खिळा, स्क्रू किंवा डिंक लागत नाही. तो फक्त दाबावर उभा असतो. लोखंडी चौकट म्हणजे चेस. तिच्या मधोमध जुळवलेलं मॅटर. मॅटर आणि चेस यांच्यामधली मोकळी जागा भरायला फर्निचर, म्हणजे ठरावीक मापाचे लाकडाचे किंवा धातूचे तुकडे. आणि मग दोन लगतच्या बाजूंना क्वाइन. पूर्वी या लाकडी पाचरी असत, त्या हातोडीनं ठोकून घट्ट करत. पुढं लोखंडी क्वाइन आल्या, त्या चावीनं फिरवायच्या. क्वाइन फक्त दोनच बाजूंना असतात, कारण उरलेल्या दोन बाजू स्थिर राहायला हव्यात. त्या बाजूंवरून कागदाचं मोजमाप धरलेलं असतं. चारही बाजूंनी आवळलं तर पान कुठं सरकलं हेच कळणार नाही.

या सगळ्या सामानाची उंची खिळ्यापेक्षा कमी असते. खिळ्याची उंची ०.९१८ इंच. फर्निचर, ओळींमधल्या पट्ट्या म्हणजे लेड, शब्दांमधले बिनअक्षरी तुकडे म्हणजे स्पेस आणि क्वाड, हे सगळं त्याच्या खाली राहतं, म्हणून शाईचा रोलर फक्त अक्षराच्या तोंडावरून फिरतो. लाकडाच्या फळीवर खिळे चिकटवले की ही उंचीच बिघडते. एखाद्या खिळ्याखाली चिकटद्रव्याचा थर जाड, एखाद्याखाली पातळ. असं पान पुढं कधी छापायचं म्हटलं तरी निम्मी अक्षरं कागदाला भोक पाडतील आणि निम्मी उमटणारच नाहीत.

बांधणीची सुरुवात चेसमध्ये होत नाही, ती स्टिकमध्ये होते. हे मला वडिलांनी इतक्या वेळा सांगितलं की आजही कुणाला सांगायला बसले की तेच वाक्य तोंडी येतं. ओळ स्टिकमध्ये अशी भरायची की स्टिक किंचित पुढं कलली तरी ओळ स्वतःच्या बळावर उभी राहील, पण अंगठ्यानं ढकलली तर सरकेल. एक ओळ घट्ट, पुढची सैल असं झालं, तर पुढं क्वाइन कितीही फिरवा, दाब घट्ट ओळीवरच थांबतो आणि सैल ओळीतले खिळे डुलत राहतात. यावर क्वाइन आणखी आवळणं हा उपाय नव्हे. ती ओळ परत उघडायची, दोन शब्दांच्या मधली स्पेस बदलायची, अर्धा पॉइंट, एक पॉइंट (पॉइंट म्हणजे इंचाचा साधारण बहात्तरावा भाग), आणि मग परत बांधायची. घाईत असलेला जुळारी तिथं कागदाची घडी कोंबतो. आमच्याकडे तसं केलेलं चालत नसे, कारण कागद दबतो, रॉकेलनं धुताना भिजतो आणि मग ओळ पहिल्यापेक्षाही सैल होते.

लेडचंही तसंच. दोन ओळींमधल्या या शिशाच्या पट्ट्या सहसा दोन पॉइंट जाडीच्या असतात. लेड ओळीपेक्षा एका केसानं जरी लांब असलं तरी बाजूचा सगळा दाब लेडच्या टोकांवर जातो आणि खिळ्यांपर्यंत पोहोचतच नाही. बाहेरून फर्मा दगडासारखा घट्ट वाटतो, आणि उचलला की मधला मजकूर खाली. फर्निचर लावतानाही हेच बघायचं. चार बाजूंचे चार तुकडे एकमेकांच्या टोकांना भिडले, तर ते एकमेकांनाच आवळत बसतात. म्हणून प्रत्येक तुकडा मॅटरच्या एका कोपऱ्यापासून थोडा पुढं काढायचा आणि दुसऱ्या कोपऱ्याशी शेजारच्या तुकड्याला वाट द्यायची, सुदर्शनाच्या पात्यांसारखे चारही एकाच दिशेनं फिरते ठेवायचे. मग कितीही आवळलं तरी प्रत्येकाला आत सरकायला जागा राहते.

जुळवलेलं पान गॅलीवरून, म्हणजे मजकूर ठेवायच्या तबकावरून, पाट्यावर, म्हणजे बांधणीच्या सपाट दगडावर, आणेपर्यंत ते दोऱ्यानं बांधलेलं असतं. डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात, प्रत्येक कोपऱ्याला ताण देत चार-पाच वेढे, आणि शेवटचं टोक लेडच्या तुकड्यानं वेढ्यांच्या आत खुपसायचं. गाठ मारायची नाही. गाठ मारली की ती सोडवताना हिसका बसतो. आमच्या छापखान्यात कित्येक सोसायट्यांच्या नोटिसा अशा दोऱ्यानं बांधून वर्षानुवर्षं फळीवर उभ्या असत. दर वर्षी तारीख आणि लाभांशाचा दर बदलायचा की झालं.

पाट्यावर चेस ठेवण्याआधी पाटा पुसायचा, अगदी तळहातानं. एखादा वाळलेल्या शाईचा कण खिळ्याच्या पायाखाली राहिला तर तो खिळा उंच उठतो. मग चेस, फर्निचर, क्वाइन. क्वाइन पहिल्यांदा फक्त बोटांनी आवळायच्या. दोरा याच वेळी सोडायचा, आधी नाही. त्यानंतर प्लेनर, म्हणजे सपाट लाकडी ठोकळा, पानावर ठेवून त्यावर हातोडीनं हलके ठोके द्यायचे, म्हणजे सगळे खिळे पाट्यावर नीट उभे राहतात. मग चावी. एका क्वाइनला थोडं, दुसरीला थोडं, परत पहिलीला. एकीकडून एकदम आवळलं की ओळी तिरक्या होतात.

आणि शेवटची परीक्षा. चेसचा एक कोपरा जरासा उचलून त्याखाली क्वाइनची चावी सरकवायची आणि सगळ्या पानावरून बोटांची टोकं दाबत फिरायचं. जो खिळा खाली दबतो तो सैल आहे. माझे वडील डोळे मिटून हे करायचे. त्यांच्या मते डोळे उघडे असले की माणूस मजकूर वाचत बसतो आणि बोटाकडचं लक्ष जातं. तुम्ही कुणी हे करून पाहिलंत तर त्यांचं म्हणणं पटेल.

एवढी खबरदारी कशाला, असं वाटेल. ट्रेडल मशीनचं बेड जवळजवळ उभं असतं. फर्मा त्यावर आडवा निजलेला नसतो, भिंतीवरच्या तसबिरीसारखा उभा असतो. त्यावरून तासाला हजाराच्या आसपास वेळा चिकट शाईचे रोलर वर-खाली जातात, आणि प्रत्येक फेरीत ती शाई खिळ्यांना बाहेर ओढते. सैल स्पेस हळूहळू वर येते आणि दोन शब्दांच्या मध्ये काळा ठिपका उमटू लागतो. सैल खिळा पूर्ण बाहेर आला तर प्लॅटनखाली, म्हणजे कागद दाबणाऱ्या सपाट पाटीखाली, चिरडतो, आणि शेजारच्या चार अक्षरांची तोंडंही घेऊन जातो.

आता देवनागरीबद्दल. इंग्रजी फर्म्याबद्दल परदेशी लोकांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. लंडनच्या जोसेफ मॉक्सननं १६८३-८४ सालीच छापखान्याच्या हातकामावर पुस्तक काढलं आणि त्यात पाचरी कशा ठोकाव्यात हेसुद्धा आहे. पण देवनागरीची अडचण वेगळी आहे, ती आपणच सांगायला हवी. इंग्रजी अक्षरं एकमेकांपासून सुटी असतात. आपल्याकडे प्रत्येक खिळ्यावर शिरोरेषेचा आपापला तुकडा असतो, आणि ओळ नीट दाबली गेली तरच ते तुकडे जुळून सलग रेघ दिसते. ओळ थोडी सैल असली किंवा खिळ्यांच्या बाजूंना जुनी शाई वाळलेली असली, की शिरोरेषेत बारीक पांढऱ्या फटी दिसायला लागतात. जुन्या पुस्तकांत अशा फटी दिसल्या की लोक खिळे झिजलेले होते म्हणतात. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण चांगल्या खिळ्यांनाही धूळ आणि सैल बांधणी तेच करते. म्हणून रॉकेल आणि ब्रशनं धुणं हा बांधणीचाच भाग आहे असं मी मानते.

दुसरं असं की ऱ्हस्व वेलांटीची कमान, रफार, काही मात्रा या खिळ्याच्या अंगाबाहेर आलेल्या असतात आणि शेजारच्या खिळ्याच्या खांद्यावर टेकतात. ही बाहेर आलेली बारीक टोकं फार नाजूक. शेजारचा खिळा किंचित उंच राहिला आणि वरून प्लेनरचा ठोका जोरात बसला, की टोक तुटलंच. मग 'कि'ची कमान जाऊन 'क'च्या आधी नुसता काना उरलेला प्रूफमध्ये दिसतो. देवनागरीच्या फर्म्यावर प्लेनर नेहमी हलका चालवायचा, आणि दोनदा चालवायचा, एकदा बोटांनी आवळल्यावर आणि एकदा चावी अर्धी फिरवल्यावर. पूर्ण आवळल्यावर प्लेनर मारायचा नाही. त्या वेळी खिळे खाली जात नाहीत, फक्त तुटतात.

पावतीपुस्तकाचा फर्मा हा सगळ्यांत अवघड. उभ्या-आडव्या पितळी रुळांच्या, म्हणजे रेघा छापायच्या पट्ट्यांच्या, चौकोनांत मजकूर, आणि वरच्या कोपऱ्यात नंबरिंग मशीन. उभे रूळ वरून दाबले की वाकतात, बाजूनं दाबले की ओळी सैल पडतात. नंबरिंग मशीन जास्त आवळलं तर त्याची चाकं अडकतात आणि शंभर पावत्यांवर एकच नंबर पडतो. कमी आवळलं तर ते स्वतःच सरकतं. यात योग्य दाब किती, हे कुठल्याही मापात सांगता येत नाही. चावी फिरवताना मनगटाला जो विरोध जाणवतो, त्यावरून ते कळतं, आणि ते शेजारी उभं राहूनच शिकता येतं.

आपल्या हवेचाही त्यात हात असतो. लाकडी फर्निचर आणि ब्लॉकखालचं, म्हणजे चित्राच्या ठशाखालचं, लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात सुकतं. लग्नपत्रिकेचा गणपतीचा ब्लॉक लाकडावर मारलेला असायचा. एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमक्या लग्नसराईत, संध्याकाळी घट्ट बांधलेला फर्मा सकाळी सैल सापडायचा. त्यामुळे सकाळी मशीन सुरू करायच्या आधी फर्मा परत पाट्यावर आणून बोटं फिरवायची, हा नियमच होता. कितीही गर्दी असली तरी.

चिकटवण्याचा दुसरा धोका मला जास्त गंभीर वाटतो. खिळा शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा. शिशाला आम्लाच्या वाफा सोसत नाहीत. लाकडातून, प्लायवूडमधून आणि पांढऱ्या चिकटद्रव्यातून अशा वाफा हळूहळू निघत राहतात, आणि काचेच्या बंद पेटीत त्या कोंडून राहतात. काही वर्षांत खिळ्यांवर पांढरी भुकटी धरते आणि अक्षराची धार खाऊन टाकते. ती भुकटी विषारी असते, मुलांनी तर तिला हातही लावू नये. एकदा अक्षराचं तोंड खाल्लं गेलं की ते परत आणता येत नाही. नवीन ओतून घ्यायचं म्हटलं तर खिळ्यांच्या बहुतेक ओतशाळा बंद झाल्या आहेत. म्हणून ज्यांनी आधीच खिळे चिकटवले असतील, त्यांना विनंती की ते पात्यानं खरवडू नका आणि गरमही करू नका. जुन्या धातूच्या वस्तू जपणाऱ्या एखाद्या जाणकाराला दाखवा. आणि तोवर निदान पेटीची काच थोडी उघडी, हवा खेळती ठेवा.

जाता जाता मुलांना शिकवणाऱ्यांसाठी एक सूचना. खिळे हाताळून झाल्यावर हात साबणानं धुवायला लावा, आणि पाट्यावर डबा उघडू देऊ नका. आमच्याकडे जेवणाची जागा वेगळी होती आणि त्यात कुणालाही सूट नव्हती.

आपल्याकडे या कामाची परंपरा थोडीथोडकी नाही. गोव्यात १५५६ साली छापखाना आला. मराठी व्याकरणाचं विल्यम केरीचं पुस्तक बंगालमधल्या श्रीरामपूरला १८०५ साली छापलं गेलं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी छपाईचा संसार उभा केला, आणि जावजी दादाजींच्या निर्णयसागरनं देवनागरी अक्षराला जे रूप दिलं त्याचं नाव देशभर झालं. अक्षरं कापणारे राणोजी रावजी आरू यांची आठवण निदान जाणकार तरी काढतात. पण त्या सुंदर अक्षरांची पानं रोज कुणीतरी पाट्यावर बांधत होतं, आणि सगळ्या पुस्तकांत मिळून त्या माणसांबद्दल एक ओळ सापडणं कठीण. ती माणसं गेली. त्यांच्याकडून शिकलेली शेवटची पिढी आज साठी-सत्तरीत आहे. गावोगाव ती अजून भेटेल. कुणी झेरॉक्सचं दुकान चालवतं, कुणी घरी नातवंडं सांभाळतं.

माझं मागणं फार मोठं नाही. छापखान्याचं सामान जमवणाऱ्या संस्थांनी मशीन आणि खिळे नेताना फर्निचर, क्वाइन, चाव्या, लेड, गॅल्या आणि चेसही मागून घ्यावेत. आज होतं काय, की मशीन महाविद्यालयात जातं, खिळे शिशाच्या भावानं भंगारात जातात, चेस लोखंडाच्या भावानं जातात आणि फर्निचरचं लाकूड बंबात जळतं. फर्निचर ओळखायला सोपं असतं. सगळे तुकडे एम या छपाईच्या मापाच्या पटीत कापलेले असतात आणि चांगल्या छापखान्यात प्रत्येकाच्या टोकावर लांबीचा आकडा ठोकलेला असतो. आपल्या वर्तमानपत्रातूनही पूर्वी खिळे जुळवलेली माणसं निवृत्त झाली असतील. त्यांना एकदा बोलवा, त्यांच्या हातून एक फर्मा बांधून घ्या आणि त्याचं चित्रीकरण करा. फक्त कॅमेरा चेहऱ्यावर ठेवू नका, हातांच्या उंचीवर ठेवा. दोरा सोडताना डावा हात काय करतो, चावी किती फिरते आणि कुठं थांबते, ते दिसलं पाहिजे. आणि फर्मा बांधून झाला की तिथंच थांबू नका. तो सोडून, खिळे परत केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीत, टाकण्यापर्यंत सगळं चित्रित करा, कारण नव्या मुलांना बांधणं जमलं तरी सोडताना मॅटर विस्कटतं.

मी उल्लेख केलेल्या संस्थेला मी स्वतंत्र पत्र लिहिलं आहे. त्यांना हवं असल्यास मी तिथं जाऊन मुलांना फर्मा बांधायला शिकवेन, त्यासाठी मला काही मानधन नको. माझ्याकडे दोन चेस, एक पेटीभर फर्निचर, लोखंडी क्वाइनचे संच, त्यांच्या चाव्या आणि वडिलांचा प्लेनर आहे. हे सगळं मी त्यांना द्यायला तयार आहे, एवढ्याच अटीवर की ते काचेत न ठेवता वापरात ठेवावं. आमचा दगडी पाटाही आहे. तो फार जड आहे, न्यायला टेम्पो आणि चार माणसं आणावी लागतील, आणि आणताना कोपऱ्यांना गोणपाट बांधावं.

आपली,
छापखान्यात वाढलेली एक वाचक,
कराड